तेलाच्या चमच्यावर ८० किलोमीटर?

पत्र:

मी ४४ वर्षांची आहे, वजन ५८ किलो. आतापर्यंत चार मॅरेथॉन केल्या आणि चारही वेळा ३० ते ३२ किलोमीटरच्या दरम्यान वॉल लागली, म्हणजे अंगातली ताकद एकदम संपली. शेवटच्या वेळी पहिला अर्धा भाग २ तास ५ मिनिटांत झाला, दुसऱ्याला २ तास ३१ मिनिटं लागली. पूर्ण शर्यतीत दोन जेल (धावताना खायची गोड, घट्ट पाकिटं) घेतली, २० आणि ३० किलोमीटरला. आता दहा आठवड्यांनी माझी पहिली अल्ट्रा (मॅरेथॉनहून लांबची शर्यत) आहे, ८० किलोमीटर. साडेबारा तासांत संपवायचा विचार आहे. आमच्या ग्रुपमधला एक जण वर्षभर कीटोवर आहे, म्हणजे कर्बोदकं जवळपास बंद आणि चरबी भरपूर. तो म्हणतो, एकदा चरबीवर धावायला शिकलीस की वॉल नावाची गोष्टच उरत नाही. त्याच्या सांगण्यावरून एमसीटी ऑइल (लवकर पचणारं खास तेल) आणलं आणि लाँग रनच्या आधी तीन मोठे चमचे घेतले. नवव्या किलोमीटरला जे झालं ते लिहिण्यासारखं नाही. मी सरळ कीटो आहारच सुरू करू का? की तेल सोडून कीटोन ड्रिंक घेऊ? आणि माझे मिस्टर मधुमेहाच्या गोळ्या घेतात, तेही माझ्याबरोबर कीटो करायचं म्हणतायत. चालेल ना?

– वॉलला वैतागलेली

उत्तर:

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीचे थांबू शकतात, तो नाही. तुमच्या मिस्टरांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय कीटो सुरू करू नये. आज संध्याकाळी त्यांच्या गोळ्यांची पाकिटं बाहेर काढा आणि औषधांची नावं वाचा. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन अशा शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ असलेल्या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. त्या चालू असताना कर्बोदकं एकदम बंद केली तर कीटोअॅसिडोसिस होऊ शकतो. म्हणजे रक्तात कीटोन (यकृत चरबीपासून बनवतं ते इंधन) इतके साचतात की रक्त आम्लधर्मी होतं. यातली खरी भीती ही की अशा वेळी ग्लुकोमीटरवर साखर जवळपास ठीक दिसू शकते, त्यामुळे उलट्या, धाप, पोटदुखी ‘आहार बदलल्यामुळे’ झाली असं समजून माणूस घरीच बसतो. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन असेल तर धोका उलट्या बाजूने येतो: खाणं कमी, डोस तोच, आणि साखर घसरते. मधुमेह असलेले काही जण डॉक्टरांच्या देखरेखीखाली कमी कर्बोदकांचा आहार घेतात आणि त्यांना फायदाही होतो. पण तिथे औषधं आधी बदलतात, ताट नंतर.

आता तुमचं. या शर्यतीसाठी कीटो नको, तेल नको, कीटोन ड्रिंकही नको. पण एवढं सांगून थांबले तर तुमचा तो मित्र पुढच्या रविवारी तुमचं मन पुन्हा वळवेल, म्हणून हिशेब मांडते.

तुमच्या वॉलचं निम्मं कारण तुम्हीच लिहून पाठवलंय: २:०५ आणि २:३१. धावताना शरीराच्या दर किलोमागे, दर किलोमीटरला साधारण एक कॅलरी लागते. ५८ किलो आणि ४२ किलोमीटर, म्हणजे सुमारे २,४५० कॅलरी. यातली काही चरबीतून येते, उरलेली कर्बोदकांतून. शरीरात कर्बोदकांचा साठा ग्लायकोजेनच्या रूपात असतो: स्नायूंमध्ये ४०० ग्रॅमच्या आसपास, यकृतात १०० ग्रॅमच्या आत-बाहेर. सगळं मिळून दोनेक हजार कॅलरी धरा. पण तो सगळा साठा पायांच्या कामाचा नाही. एका स्नायूतलं ग्लायकोजेन दुसऱ्या स्नायूला उसनं देता येत नाही, त्यासाठी लागणारं एन्झाइम स्नायूंत नसतंच. दंडात आणि खांद्यात साठलेलं तिथेच पडून राहतं. यकृत तेवढं आपलं ग्लायकोजेन साखर करून रक्तात सोडतं, आणि त्यावर मेंदूही डोळा ठेवून असतो.

चरबीचं गणित वेगळं आहे. अंगावरची दहा किलो चरबी म्हणजे पाऊण लाखाहून जास्त कॅलरी. हे ऐकलं की कोणालाही वाटतं, एवढं असताना जेल कशाला चघळायची? पण हे धान्याने भरलेलं कोठार आहे आणि त्याचं दार अरुंद आहे. तुमच्यासारख्या नियमित धावणाऱ्या बाईच्या शरीरात मिनिटाला साधारण अर्धा ग्रॅम चरबी जळते, म्हणजे तासाला सुमारे २७० कॅलरी. हा वेगही मध्यम श्रमालाच मिळतो. पेस वाढवला, धाप लागायला लागली की चरबीचा वाटा कमी होतो आणि कर्बोदकांचा झपाट्याने वाढतो.

तुमची पहिली २१ किलोमीटर ताशी दहा किलोमीटरने झाली. त्या वेगाला तुम्हाला तासाला ५९० कॅलरी लागत होत्या. चरबीने त्यातल्या २३०-२५० दिल्या असं धरलं, तरी दर तासाला ८५-९० ग्रॅम कर्बोदकं जळत होती. पहिलं जेल तोंडात जाईपर्यंत तुम्ही पावणेदोनशे ग्रॅम संपवून बसला होतात. दोन जेलमधून परत आली साधारण ५० ग्रॅम, त्यातलं दुसरं तर वॉलच्या दारात घेतलेलं. त्याची साखर आतड्यातून रक्तात आणि रक्तातून पायात पोचेपर्यंत पाय बसलेले होते. तुमचं शरीर चरबी जाळू शकत नाही असं यात कुठेही दिसत नाही. सुरुवात जोरात झाली आणि खाणं उशिरा झालं, एवढंच दिसतं.

साखर आणि मॅरेथॉन यांचं हे नातं कालचं नाही. १९२४ च्या बॉस्टन मॅरेथॉननंतर डॉक्टरांनी धावपटूंची रक्तातली साखर मोजली, तेव्हा गळून गेलेल्यांची साखर खूपच खाली आढळली. पुढच्या वर्षी धावपटूंना आधी भरपूर कर्बोदकं खायला आणि वाटेत गोळ्या-चॉकलेटं चघळायला सांगितली, तर साखर टिकली आणि लोक बऱ्या अवस्थेत पोचले. शंभर वर्षं झाली या गोष्टीला.

आता हाच हिशेब अल्ट्राला लावू. ८० किलोमीटर साडेबारा तासांत, म्हणजे ताशी ६.४ किलोमीटर, चालणं-थांबणं धरून. तासाला लागणार सुमारे ३७० कॅलरी. चरबी देणार २७०. उरल्या १००, म्हणजे तासाला २५ ग्रॅम कर्बोदकं. वाटेत चढ असतील तर मागणी वाढेल, म्हणून ४० ते ५० ग्रॅम धरा. हे कोणाच्याही पोटाला झेपण्यासारखं आहे. तुमचा मित्र जे वर्षभर ब्रेड-भात सोडून मिळवू पाहतोय, म्हणजे बहुतांश ऊर्जा चरबीतून, ते अल्ट्राच्या पेसला तुमच्या शरीरात आपोआप होणार आहे. कमी पडतंय ते थोडंसं, आणि ते तोंडावाटे भरता येतं. कीटोबद्दल माझी मुख्य हरकत हीच आहे. ते खोटं नाही. तुमच्याकडे नसलेल्या अडचणीचा तो उपाय आहे.

एमसीटी ऑइलकडे वळू, कारण त्यावर तुम्ही पैसे आणि एक रविवार दोन्ही घालवलेत. कल्पना वरवर फार सुंदर आहे. साधं तेल पचायला तासन् तास लागतात. त्यातल्या लांब साखळीच्या मेदाम्लांना (चरबी ज्यांची बनते त्या घटकांना) लसिकावाहिन्यांमधून वळसा घालून रक्तात यावं लागतं. एमसीटीतली मध्यम साखळीची मेदाम्लं, म्हणजे आठ आणि दहा कार्बनची, आतड्यातून थेट यकृताकडे जातात आणि पेशींमध्ये शिरायलाही त्यांना फारशी मदत लागत नाही. यकृत त्यांचे चटकन कीटोन बनवतं. अपस्मार असलेल्या मुलांच्या कीटोजेनिक आहारात १९७१ पासून एमसीटीचा वापर होतोय, तो याच गुणामुळे. (खोबरेल तेल म्हणजेच एमसीटी, असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. त्यात निम्म्याच्या आसपास लॉरिक आम्ल असतं, बारा कार्बनचं, आणि ते पचनात बरंचसं लांब साखळीसारखंच वागतं. आठ-दहा कार्बनवाली त्यात थोडीच असतात.)

मग धावणाऱ्याला त्याचा उपयोग का होत नाही? मात्रेमुळे. १९९० च्या दशकात नेदरलँड्समधल्या संशोधकांनी सायकलपटूंना व्यायामादरम्यान सुमारे ३० ग्रॅम एमसीटी देऊन पाहिलं. तेवढं पोटाला चाललं, पण एकूण ऊर्जेतला त्याचा वाटा निघाला ३ ते ७ टक्के. मग मात्रा ८५ ग्रॅमवर नेली, तर पोटं बिघडली आणि वेळ सुधारण्याऐवजी खराब झाली. मधेच १९९६ मध्ये केप टाउनच्या एका प्रयोगात कर्बोदकांबरोबर एमसीटी दिल्यावर सायकलपटू वेगवान झाले होते. आजही ज्या-त्या बाटलीच्या जाहिरातीमागे बहुधा तोच प्रयोग असतो. नंतरच्या प्रयोगांत तो फायदा पुन्हा दिसला नाही. केप टाउनमध्येच २००५ मध्ये साडेचार तासांच्या सायकलिंगवर, म्हणजे तुमच्या अल्ट्राच्या जास्त जवळच्या श्रमावर, चाचणी झाली. त्यात एमसीटी घेणारे मधल्या स्प्रिंटमध्ये मागे पडले आणि त्यांच्यातल्या अनेकांना पोटाचा त्रास झाला.

तुमचे तीन मोठे चमचे म्हणजे ४० ग्रॅमच्या आसपास, तेही सवय नसताना, तेही धावायच्या तोंडावर. धावताना आतड्यांकडे जाणारं रक्त आधीच आटलेलं असतं. तिथे एकदम एवढं तेल गेलं की ते पाणी ओढतं, मुरडा येतो, आणि मग नववा किलोमीटर. त्यात तुमच्या पोटाचा काही दोष नाही. आणि एवढं सोसून रक्तातले कीटोन वाढले असते तरी थोडेच, कीटोसिस ज्याला म्हणतात त्या ०.५ मिलिमोलच्या उंबरठ्याच्या आसपास. चमच्याने तेल घेऊन कीटोसिसवर धावता येत नाही.

इथे तुमच्या मित्राचा एक गैरसमजही सांगते. कीटोवर मुरलेला धावपटू मुख्यतः कीटोनवर धावत नाही. त्याचे पाय धावतात ते मेदाम्लांवर. कीटोन हे मेंदूच्या जास्त कामाचे आहेत. उपाशी माणसाचा मेंदू साखरेऐवजी बऱ्याच अंशी कीटोनवर चालतो, हे १९६७ मध्ये जॉर्ज केहिल यांच्या गटाने दाखवलं. म्हणून मीटरवर कीटोनचा आकडा मोठा दिसला की पायात जास्त इंधन आलं, असं होत नाही.

आता कीटो आहार. याला मी उडवून लावणार नाही, कारण त्याच्या बाजूचे पुरावे खरे आहेत. १९८३ मध्ये संशोधक स्टीफन फिनी यांनी पाच कसलेल्या सायकलपटूंना चार आठवडे जवळपास कर्बोदकांशिवाय ठेवलं. मध्यम श्रमाला ते दमेपर्यंत किती वेळ टिकतात ते आधी आणि नंतर पाहिलं: सरासरी १४७ मिनिटं आणि १५१ मिनिटं. कर्बोदकं काढून घेतली तरी माणसं कोसळली नाहीत, ही त्या काळात मोठी बातमी होती. पण सरासरीच्या पोटात पाच वेगवेगळ्या गोष्टी होत्या. एक जण पुष्कळ जास्त टिकला, काही जण कमी टिकले. ‘मला जमलं म्हणजे तुलाही जमेल’ असं कोणी म्हणालं की मला हे पाच जण आठवतात.

२०१६ मध्ये जेफ व्होलेक यांच्या गटाने वीस अव्वल अल्ट्रारनर आणि आयर्नमॅन (पोहणं, सायकल, धावणं अशी लांबची शर्यत) खेळाडू तपासले. दहा नेहमीच्या आहारावरचे, दहा सरासरी वीस महिने कमी कर्बोदकांवर राहिलेले. दुसऱ्या गटाचा चरबी जाळण्याचा कमाल वेग मिनिटाला १.५४ ग्रॅम निघाला, पहिल्याचा ०.६७. दुपटीहून जास्त! दार खरंच रुंद होतं, यात वाद नाही. कोण जास्त वेगाने धावतं हे मात्र त्या अभ्यासाने तपासलंच नव्हतं.

ते तपासलं ऑस्ट्रेलियातल्या क्रीडा-आहारतज्ज्ञ लुईस बर्क यांनी. जागतिक दर्जाचे रेसवॉकर (वेगाने चालण्याच्या शर्यतीतले खेळाडू), तीन आठवड्यांचं कडक प्रशिक्षण, तीन प्रकारचे आहार, आणि आधी व नंतर १० किलोमीटरची खरी शर्यत. २०१७ मध्ये निकाल आला. प्रशिक्षणाने सगळ्यांची प्राणवायू वापरण्याची क्षमता वाढली. भरपूर कर्बोदकं खाणाऱ्यांची शर्यतीतली वेळ सरासरी ६.६ टक्क्यांनी सुधारली. कीटोवाल्यांची अजिबात सुधारली नाही, उलट किंचित घसरली. चरबी जाळण्याचा त्यांचा वेग मात्र विक्रमी होता. २०२० मध्ये प्रयोग पुन्हा केला, चित्र तेच.

याचं कारण प्राणवायूत आहे. एक लिटर प्राणवायू वापरून कर्बोदकांतून सुमारे ५ कॅलरी मिळतात, चरबीतून ४.७. फरक सहा टक्क्यांचा. रमतगमत धावताना तो जाणवणारही नाही. पण फुप्फुसं आणि हृदय मर्यादेजवळ काम करत असतील, तर तेवढ्याच वेगासाठी सहा टक्के जास्त प्राणवायू आणायचा कुठून? शिवाय दीर्घकाळ चरबीवर राहिलं की कर्बोदकं जाळणारी यंत्रणाच मंदावते. ग्लायकोजेन शिल्लक असतं, पण चढावर किंवा शेवटच्या टप्प्यात जोर मागितला की ते पटकन वापरता येत नाही. २००६ मध्ये १०० किलोमीटर सायकलिंगच्या चाचणीत चरबीवर मुरवलेल्यांची मधल्या छोट्या स्प्रिंटमधली ताकद कमी पडली होती.

म्हणजे वेग जितका जास्त, तितका कीटो तोट्याचा. आणि वेग जितका कमी, तितका त्याचा तोटाही कमी आणि गरजही कमी. मधे एक छोटी पट्टी उरते: खूप लांबची, संथ शर्यत, आणि असा धावपटू ज्याचं पोट धावताना काहीच घेत नाही. तिथे मला कीटोचा विचार पटतो. झॅक बिटर या अमेरिकन धावपटूने २०१९ मध्ये १०० मैल ११ तास १९ मिनिटांत कापून विक्रम केला, तो कमी कर्बोदकांच्या आहारासाठी ओळखला जातो. कीटोवाले त्याचं नाव हमखास घेतात. पण कठीण सरावाच्या दिवसांत आणि शर्यतीत तो कर्बोदकं घेतो, हे तो स्वतःच सांगतो. तेवढा भाग सोयीस्करपणे गळतो.

मग तुमच्या मित्राला जाणवतंय ते खोटं का? मुळीच नाही. वर्षभरात त्याचं वजन उतरलं असेल, पेस शांत झाली असेल, लाँग रनला तो आता सुरुवातीलाच उधळत नसेल. यातल्या कोणत्याही एका गोष्टीने वॉल मागे सरकते. त्याला एकदा विचारा, त्याची १० किलोमीटरची वेळ वर्षभरात किती बदलली.

कीटोन ड्रिंकबद्दल थोडक्यात. २०१६ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी कर्बोदकांच्या जोडीने कीटोन एस्टर (असं एक कीटोन ड्रिंक) दिलं, तेव्हा सायकलपटूंनी अर्ध्या तासात सुमारे ४०० मीटर जास्त अंतर कापलं, म्हणजे दोन टक्के. त्यावर सगळा बाजार उभा राहिला. पुढच्याच वर्षी व्यावसायिक सायकलपटूंवर वेगळ्या प्रकारचं एस्टर वापरून पाहिलं, तर ते दोन टक्क्यांनी मंदावले आणि पोटं बिघडली ती वेगळी. २०१९ मध्ये धावपटूंच्या १० किलोमीटरवर काहीच फरक पडला नाही. यावर बंदी नाही, चव कडू आहे, खर्च मोठा आहे. स्वस्तात मिळतात ते कीटोन सॉल्ट, त्यांच्याबरोबर सोडियमचा मोठा डोस फुकट येतो. तुमच्या शर्यतीत यांचं काही काम नाही.

मग दहा आठवड्यांत काय करायचं? पोटाला शिकवायचं. आतड्यांना सरावाची सवय लागते, पायांना लागते तशीच. पुढचे दोन आठवडे प्रत्येक लाँग रनला पहिल्या अर्ध्या तासातच खायला सुरुवात करा आणि तासाला ३० ग्रॅम गाठा. बहुतेक जेलमध्ये २० ते २५ ग्रॅम असतात, पाकिटावर पाहा. दर वीस मिनिटांनी अर्धं जेल, सोबत दोन घोट पाणी. झेपलं की तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ४० आणि सहाव्यापर्यंत ५०. ६० च्या पुढे जायचं असेल तर ग्लुकोज आणि फ्रुक्टोज दोन्ही असलेलं मिश्रण लागतं, कारण ग्लुकोज शोषणारी वाट साधारण तिथेच तुंबते. तुम्हाला त्याची गरज पडणार नाही. भूक लागायची वाट पाहू नका, घड्याळावर खा. मॅरेथॉनमध्ये तुम्ही नेमकी ती वाट पाहिलीत.

बारा तास नुसतं गोड चालत नाही, सहा-सात तासांनी जेलचं पाकीट पाहूनच मळमळतं. म्हणून उकडलेला बटाटा आणि मीठ, केळं, सँडविच यांचीही सवय करा. आणि हो, अल्ट्रात थोडी चरबी तोंडावाटे घ्यायला माझी हरकत नाही. चालण्याच्या टप्प्यात मूठभर दाणे किंवा चीजचा तुकडा खाल्ला तर पोटाला आधार वाटतो आणि तोंडाची चव परत येते. तो इंधनापेक्षा समाधानासाठी असतो, तेवढंच त्याचं मोल धरा. पाणी तहानेप्रमाणे. शर्यतीत कोणी वजन घेतलं आणि ते सुरुवातीपेक्षा वाढलेलं निघालं तर तुम्ही जास्त पाणी प्यालात, आणि रक्तातलं सोडियम पातळ होणं हा डिहायड्रेशनपेक्षा मोठा धोका आहे.

चरबी जाळण्याचा वेग वाढवायचाच असेल तर त्याचा जुना, फुकट उपाय म्हणजे सावकाश धावणं. आठवड्यातलं बहुतेक धावणं असं हवं की पूर्ण वाक्य बोलता यावं. तुमच्या स्प्लिट (दोन्ही अर्ध्यांच्या वेळा) बघून मला शंका आहे की तुमचे सोपे दिवस सोपे नसतात. दर दोन आठवड्यांनी शनिवार-रविवार असे लागोपाठ दोन लांब रन घाला. दुसऱ्या दिवशी पाय अर्धवट रिकामे असतात आणि शरीराला चरबीकडे वळावंच लागतं. आठवड्यातून एकदा नाश्त्याआधी तासभर हलकं धावायला हरकत नाही, पण त्याहून जास्त नको, आणि चक्कर किंवा चिडचिड जाणवली तर तेही नको.

शर्यतीआधीचे दीड-दोन दिवस कर्बोदकं वाढवा. तुमच्या वजनाला दिवसाला ४५० ते ५०० ग्रॅम. पानात भात, बटाटा, ब्रेड जास्त, तेल-तूप आणि कोंडा-साली कमी, नाहीतर पोट भरेल आणि साठा नाही. वजन किलो-दीड किलोने वाढेल, घाबरू नका. ग्लायकोजेनच्या दर ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी साठतं. (कीटोच्या पहिल्या आठवड्यात भराभर उतरणारं वजन बरंचसं हेच पाणी असतं.) शर्यतीच्या दिवशी पहिला तास इतका सावकाश धावा की सोबतच्यांना तुमची कीव यावी. चढ चालत.

एवढं करूनही अल्ट्रानंतर कीटो करून पाहायची इच्छा उरली, तर ते शर्यत नसलेल्या काळात करा, किमान आठ आठवडे हाताशी ठेवून. पहिले दोन-तीन आठवडे पाय शिशाचे होतील आणि मीठही लघवीवाटे जास्त जाईल, तेव्हा मीठ जाणून-बुजून वाढवा. या आहारात भूक मरते आणि धावणाऱ्या बायका नकळत फार कमी खातात, त्याची मला जास्त काळजी वाटते. बर्क यांच्याच गटाने २०२० मध्ये दाखवलं की साडेतीन आठवड्यांच्या कीटोनंतर रेसवॉकरच्या रक्तात हाडांची झीज दाखवणारे घटक वाढले होते. चव्वेचाळिशीत हाडांशी खेळ नको. सुरू करण्याआधी लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉल) आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासून घ्या, आणि तीन महिन्यांनी पुन्हा. एका ठरलेल्या वाटेवर, ठरलेल्या हृदयगतीला, आधी आणि नंतर किती वेळ लागतो ते लिहून ठेवा, म्हणजे मित्राच्या अनुभवाऐवजी तुमचा आकडा हातात राहील. एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) बरंच चढलं, किंवा पाळी एरवीपेक्षा वेगळी वागायला लागली, तर आहार तिथेच थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा.